बारा जणांचा स्वयंपाक जमतो, एक केक जमत नाही

घरी अचानक बारा माणसे जेवायला आली तरी माझी धांदल उडत नाही. फ्रीज उघडून दोन मिनिटे आत पाहत उभा राहतो, हाताला लागेल ते बाहेर काढतो आणि दीड तासात चार पदार्थ टेबलावर येतात. त्यांतला एखादा तर पुन्हा वाढून घेतला जातो. यात बढाई मारण्यासारखे काही नाही. वर्षानुवर्षे रोज दोन वेळा तेच काम केल्यावर कोणाचाही हात बसेल, तसा माझाही बसला आहे. मात्र त्याच बारा जणांसाठी साधा केक करायचा म्हटले, की हाच हात परक्याचा असल्यासारखा वागू लागतो. गेल्या महिन्यात केलेल्या केकच्या मध्यभागी एवढा खड्डा पडला होता, की त्यात एक वाटी अलगद बसली असती. बसली असती असे मोघम कशाला म्हणू, मी बसवून पाहिली आणि ती बसली.

असा प्रसंग घडला की कोणी ना कोणी समजूत घालतेच, की स्वयंपाक ही कला आहे, बेकिंग हे शास्त्र आहे आणि तू कलाकार आहेस. ऐकायला हे गोड वाटते; परंतु विचार केल्यावर ते मला पटत नाही. कांदा मंद आचेवर परतून तांबूस होतो, तेव्हा कढईत जे घडत असते तेच पावाच्या खरपूस पापुद्र्यावरही घडत असते. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि साखर यांच्यातल्या या उष्णतेच्या खेळाचे वर्णन लुई-कामील मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले आणि ती क्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे शास्त्र दोन्हीकडे तेवढेच आहे. कढईतल्या शास्त्राला मध्येच टोकता येते आणि ओव्हनमधल्या शास्त्राला टोकता येत नाही, एवढाच काय तो फरक. आणि माझी सगळी पाककला टोकण्यावरच उभी आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

एकदा रस्सा करताना मी मुद्दाम स्वतःवर लक्ष ठेवले. चाळीस मिनिटांत मी अकरा वेळा चव पाहिली. पहिल्या दोन वेळा काहीच केले नाही, तिसऱ्या वेळी मीठ घातले, पुढे टोमॅटो जास्त आंबट निघाला म्हणून चिमूटभर साखर घातली, मग रस पातळ वाटला म्हणून झाकण काढून आच वाढवली आणि तो अधिक आटल्यावर पुन्हा अर्धी वाटी गरम पाणी ओतले. शेवटी जो रस्सा झाला तो उत्तम होता. मात्र तो माझ्या मनात आधीपासून तयार होता असे मुळीच नव्हते. कित्येक लहान चुका आणि त्यांच्या तेवढ्याच लहान दुरुस्त्या यांची ती बेरीज होती. ज्याला लोक ‘हाताला चव आहे’ म्हणतात, ती माझ्या बाबतीत चूक वेळेवर ओळखण्याची सवय आहे. कांदा जरा जास्त तांबूस झाला, बटाटा मोठा चिरला गेला, मसाला अर्धा चमचा अधिक पडला, तरी पुढच्या दहा मिनिटांत त्याची भरपाई करण्याची संधी मिळतेच.

केकच्या बाबतीत ही संधी ओव्हनचे दार लावण्यापूर्वीच संपलेली असते. आत गेलेले मिश्रण तापू लागले की लोणी वितळते, हवेचे आणि वायूचे बुडबुडे फुगतात, पाण्याची वाफ त्यांना आणखी ताणते. पुढे साधारण साठ-सत्तर अंश सेल्सियसच्या वर मैद्यातील पिष्टमय कण पाणी शोषून फुगू लागतात, अंड्यातील प्रथिने घट्ट होतात आणि बुडबुड्यांभोवतीच्या भिंती कडक होऊन केकचा आकार कायमचा ठरतो. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे करता येत नाही, तसाच ठरलेला केक पुन्हा पातळ मिश्रण होत नाही. मग त्यात साखर कमी आहे असे वाटले तरी कोठे घालणार? तो घट्ट झाला तर पाणी कोठून ओतणार? आणि मुळात, अर्धवट भाजलेल्या केकची चव पाहून त्यातून काय समजणार? मी एकदा पाहिली होती. गरम, गोड, चिकट पीठ लागले. याहून अधिक माहिती मिळाली नाही.

आता माझ्या गुन्ह्यांकडे वळतो. पहिला मोठा गुन्हा बेकिंग पावडरचा. कृतीत दोन चमचे बेकिंग पावडर लिहिली होती, घरातली संपली होती आणि शेजारीच खाण्याच्या सोड्याची डबी होती. भाजीत एक पालेभाजी नसली तर दुसरी घालणाऱ्या माणसाला जे सुचणार तेच मला सुचले. दोन्ही पांढऱ्या पुडी, दोन्हींनी पदार्थ फुगतो, तेव्हा दोन चमचे सोडा घालून मी मोकळा झालो. सोडा म्हणजे निव्वळ सोडियम बायकार्बोनेट. त्याच्यातून वायू व्यवस्थित सुटायला दही, ताक, लिंबू असे काहीतरी आंबट लागते. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडे आम्ल आणि त्या दोघांना ओलाव्यापासून दूर ठेवणारा थोडा स्टार्च मिसळलेला असतो, त्यामुळे तिची ताकद तेवढ्याच सोड्याच्या साधारण एक तृतीयांश भरते. म्हणजे मी जवळजवळ तिप्पट दारूगोळा भरला होता आणि त्याला पेटवणारे आम्ल मात्र दिले नव्हते. केक आधी भराभर वर आला, मग बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटले आणि तो खाली बसला. रंग वाजवीपेक्षा गडद झाला आणि चव साबणाची वडी चाटल्यासारखी लागली. घरातल्यांनी प्रत्येकी एक घास सभ्यपणे खाल्ला. धाकट्याने दुसरा मागितला नाही, यावरून निकाल समजला.

दुसरा गुन्हा साखरेचा, आणि तो करताना मला आपण फार शहाणपणा करत आहोत असे वाटत होते. चहात साखर कमी केली तर चहा कमी गोड होतो, एवढेच होते. त्याच हिशेबाने मी केकमधली साखर निम्मी केली. केक कमी गोड झालाच; शिवाय तो चिवट झाला, रंगाने फिकट राहिला आणि दुसऱ्या दिवशी एवढा कोरडा पडला, की सुरीने कापताना त्याचा भुगा उडत होता. नंतर वाचल्यावर कळले, की केकमध्ये साखर नुसती गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, मैद्यातले ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, फार बळकट होऊ देत नाही, अंडी आणि पिष्ट घट्ट व्हायला लागणारे तापमान वर ढकलते आणि त्यामुळे केकला फुगायला जास्त वेळ मिळतो. लोण्याबरोबर फेटताना तिचे कणच लोण्यात हवेच्या लहान लहान पोकळ्या पाडतात. कृतीत ‘साखर’ या एका शब्दाखाली पाच जण कामाला लावलेले असतात आणि मी त्यातल्या निम्म्यांना न विचारता घरी पाठवले होते. थोडी कमी केली तर बहुतेक केक निभावून नेतात. निम्मी हा माझा आगाऊपणा.

स्वयंपाकात एका जिन्नसाला सहसा एकच मुख्य काम असते, निदान बाकीच्यांना धक्का न लावता त्याचे प्रमाण बदलता येते. बेकिंगमध्ये मात्र प्रत्येक जिन्नस दुसऱ्याचा हात धरून उभा असतो. अंडे वाढवले तर ओलावा वाढतो आणि घट्टपणाही वाढतो. मैदा घातल्यावर जास्त वेळ फेटले तर ग्लुटेन ताणले जाऊन केक रबरासारखा होतो. मला तर प्रत्येक गोष्ट ‘नीट एकजीव’ करायची सवय. मैद्याची एकही गुठळी दिसली की माझा हात थांबत नाही. एक-दोन बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालते हे मी दहा वेळा वाचले आहे आणि दहा वेळा दुर्लक्षिले आहे.

मापाबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण ‘मी मोजून घातले होते’ असे मी बराच काळ छातीठोकपणे सांगत असे. मोजले होते हे खरे. फक्त कपाने मोजले होते. मैदा चमच्याने हलकेच कपात भरला तर एका कपात सुमारे १२० ग्रॅम बसतो आणि तोच कप डब्यात खुपसून भरला तर दीडशे ग्रॅमपर्यंत जातो. तीन कपांच्या केकमध्ये हा फरक नव्वद ग्रॅमचा होतो, म्हणजे जवळजवळ पाऊण कप मैदा न मागता आत शिरतो. भातात पाऊण कप पाणी जास्त पडले तर मी झाकण काढून ते आटवीन. केकमधला जास्तीचा मैदा कसा आटवणार? शेवटी वजनकाटा आणला. तो आणल्यावर पहिल्या काही दिवसांत मला अपमान झाल्यासारखे वाटत होते, हे कबूल करतो. काट्यावर आकडा २४८ दिसला की दोन ग्रॅमसाठी चिमटीने मैदा टाकत बसायचे, हे काम माझ्या स्वभावाला औषध घेण्यासारखे वाटते.

टिनचा घोटाळा थोडक्यात सांगतो. कृतीत २० सेंटिमीटर व्यासाचा टिन होता, माझ्याकडे २३ सेंटिमीटरचा होता आणि तीन सेंटिमीटरने काय बिघडते असे मला वाटले. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते हे शाळेत शिकलो होतो. ते ओव्हनसमोर आठवले नाही. २३ सेंटिमीटरच्या टिनचा तळ सुमारे एक तृतीयांशाने मोठा असतो. केक पातळ झाला, कडेने करपला आणि मी मात्र दोष ओव्हनला दिला.

ओव्हनही अगदी निर्दोष नव्हता. त्याच्यात लहानसा तापमापक ठेवून पाहिले तेव्हा कळले, की बटण १८० अंशांवर असताना आतले तापमान १६० च्या आसपास रेंगाळत असते. इतकी वर्षे मी एका खोटारड्यावर विश्वास ठेवून वागत होतो. गॅसवर असा खोटारडेपणा चालत नाही, कारण तिथे मी बटणाकडे पाहतच नाही. तेलात मोहरी टाकली की ती काय करते, रस्सा कडेने उकळतो की मधून, भाजीचा चरचराट ओला आहे की कोरडा, हे सगळे डोळ्यांना, नाकाला आणि कानाला कळत असते. बंद दारामागे माझी ही तिन्ही इंद्रिये रिकामी बसतात. काचेतून दिसते तेवढे दिसते, वास येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो आणि केक काही बोलत नाही.

म्हणूनच मी दार उघडतो. वाटी बसेल एवढा तो खड्डा त्यामुळेच पडला. पंचविसाव्या मिनिटापर्यंत थांबायचे ठरवले होते. पंधराव्या मिनिटाला केक सुंदर फुगलेला दिसला आणि मला तो ‘जवळून’ पाहावासा वाटला. दार उघडले, टिन थोडा पुढे ओढला, कौतुकाने वाकून पाहिले. कडा एव्हाना ठरल्या होत्या, मधला भाग अजून थरथरत होता. गार हवा आत शिरली, बुडबुड्यांतला वायू आकसला आणि त्यांच्या कोवळ्या भिंतींना अजून वजन पेलण्याची ताकद आलेली नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत, एखाद्याने आतून सुस्कारा सोडावा तसा मधला भाग हळूहळू खाली गेला. मी घाईने दार लावले. त्या वेळी दार लावून उपयोग नसतो हे मला पाहता पाहताच समजले होते.

पाव करताना माझी अवस्था जरा बरी असते, हे येथे नोंदवायला हवे. पहिल्या खेपेला मी यीस्ट चांगले कडकडीत पाण्यात भिजवले आणि ते मेले. साठ अंशांच्या आसपास यीस्ट जिवंत राहत नाही, आणि मी तर ‘गरम पाणी’ याचा अर्थ चहाचे पाणी असा घेतला होता. विटेसारखा पाव झाला. पण त्यानंतर जमू लागले, कारण मळताना पीठ हाताशी बोलते. चिकटले तर थोडा मैदा घ्यावा, कोरडे वाटले तर हात ओला करावा, फुगले नसेल तर आणखी अर्धा तास ठेवावे. मैद्याचे वजन शंभर धरून बाकी सर्व जिन्नस त्याच्या टक्केवारीत मांडण्याची पाववाल्यांची पद्धत आहे, मीठ साधारण दोन टक्के, पाणी साठ-पासष्ट टक्के, अशी. ती समजल्यावर मला पहिल्यांदा या विद्येबद्दल आपुलकी वाटली. कारण मीही डाळीला पाणी किती हे प्रमाणातच ओळखतो, फक्त ते तोंडाने सांगता येत नाही.

माझी ताई उत्तम केक करते, आणि तीही अंदाजाने करते हे पाहून माझा आधी फार जळफळाट होत असे. ती काटा वापरते, पण शेवटी दुधाचा एखादा चमचा कमी-जास्त करताना ती काट्याकडे पाहत नाही. चमचा उचलून मिश्रण खाली कसे पडते ते पाहते. ते धारेने वाहून गेले तर पातळ, थबकन पडले तर घट्ट, आणि जड फितीसारखे पडून क्षणभर वर तसेच राहिले तर बरोबर. एकदा मी तिला विचारले, ‘ताई, तुला हे कसं कळतं?’ ती म्हणाली, ‘अरे, तुला रस्सा कसा कळतो? तुझं बघणं शेवटी असतं, माझं आधी. दार लावलं की मी आपली भांडी घासायला घेते.’ तिने सहज म्हटलेले हे वाक्य मला अनेक दिवस पुरले. तिचा अंदाजही चुकांतूनच आला आहे. मात्र मला चाळीस मिनिटांत कित्येक चुका शिकवल्या जातात आणि तिला एका तासात एकच, तीही कशामुळे झाली हे शोधत बसावे लागते. केक बसला तर सोडा जास्त झाला, दार उघडले, ओव्हन थंड होता की तो लवकर बाहेर काढला, हे केक पाहून चटकन सांगता येत नाही. मी वर्षाला सहा केक करतो. रस्सा वर्षाला सहा वेळा करणाऱ्या माणसाच्या हातचा रस्सा मी तरी आवडीने खाल्ला नसता.

त्या खड्ड्याच्या केकचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. ताई त्याच दिवशी आलेली होती. टाकून देणे जिवावर आले म्हणून मी तो कुस्करला, दूध गरम केले, त्यात दोन अंड्यांचे पिवळे बलक आणि थोडी साखर घालून मंद आचेवर ढवळत राहिलो, चमच्याच्या पाठीला ते चिकटू लागल्यावर खाली उतरवले आणि कुस्करलेल्या केकवर ओतले. चव पाहिली, जायफळ हवे होते. पुन्हा पाहिली, चिमूटभर मीठ आणि लिंबाची किसलेली साल हवी होती. दूध थोडे कमी वाटले, आणखी ओतले. वर चिरलेली फळे पसरून भांडे दोन तास फ्रीजमध्ये ठेवले. संध्याकाळी ते रिकामे झाले आणि ताईने कृती मागितली.

मी सांगू लागलो, ‘केक असेल तेवढा, दूध बुडेल इतकं, जायफळ बेताचं.’ तिने पेन खाली ठेवले. ‘बेताचं म्हणजे किती ग्रॅम?’ मला सांगता येईना. मग दुसऱ्या दिवशी बाजारचा केक आणून तिने मला तेच पुन्हा करायला लावले आणि मी काहीही भांड्यात टाकण्याआधी वाटी माझ्या हातातून काढून घेऊन वजनकाट्यावर ठेवायची. मी दुधाचे पातेले उचलले की ती ‘थांब’ म्हणायची. आकडा लिहून झाला की ‘हं, घाल.’ तासाभराने तिच्या वहीत दूध ३४० ग्रॅम, साखर ३५ ग्रॅम असे व्यवस्थित उतरले होते. जायफळाच्या पुढे मात्र जागा कोरी होती, कारण तेवढ्या जायफळाने आमच्या काट्यावरचा शून्य काही हलला नाही.